आधी आत्मविश्वास मोडणे थांबवा

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचा आत्मविश्वास कसा वाढवावा, यावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. पाठीवर थाप द्या, 'तुला जमेल' म्हणा, वगैरे. माझे म्हणणे वेगळे आहे. मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याजवळ आत्मविश्वास असतोच. तो आपण मोडतो आणि मग वाढवण्याचे उपाय शोधत फिरतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या मुलाचा दिवस पाहा. घरी दखनी, शाळेत मराठी, संध्याकाळी मदरशात अरबी. देवनागरी डावीकडून उजवीकडे, अरबी उजवीकडून डावीकडे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर. बे, ते, से यांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. त्यातही शब्दातली जागा बदलली की अक्षराचे रूप बदलते. ज्याला ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालायलाच जास्त कष्ट पडतात, ते मूल दोन्हीकडे अडते. यात बुद्धीचा काही संबंध नाही. तरी शाळेत हसे होते, मदरशात छडी मिळते आणि घरी 'भावाकडे बघ जरा' हे ठरलेले.

मदरशातल्या उस्तादांना माझा थेट सवाल आहे. अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्याला दुप्पट सवाब आहे, ही हजरत आयेशांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जुम्म्याला ती ऐकवायची आणि शनिवारी त्याच अडखळण्यावर छडी उगारायची, हा कुठला दीन?

शाळांनाही सवाल आहेच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. ती लवकरात लवकर ओळखून अध्यापनात योग्य उपाय करणे, ही जबाबदारी कलम १६ मध्ये स्पष्ट लिहिली आहे. आठव्या वर्षाच्या सुमारास निदान होऊ शकते. पण आपल्याकडे प्रमाणपत्राची धावपळ सुरू होते ती दहावी तोंडावर आल्यावर, जादा वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून. तोवर पोराने आठ-नऊ वर्षे स्वतःला 'ढ' म्हणून पाठ केलेले असते. सवलतीने गुण वाढतील, ते पाठांतर पुसले जाणार नाही.

'सवलत म्हणजे इतरांवर अन्याय' असे म्हणणाऱ्यांनी सांगावे, इतिहासाचा पेपर इतिहास तपासतो की वेलांट्या? महाराज आग्र्याहून कसे निसटले हे जो मुलगा तोंडी घडाघडा सांगतो, त्याला इतिहास येत नाही असे कसे म्हणायचे?

'तारे जमीं पर' २००७ साली आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला, हे चांगलेच झाले. पण तेव्हापासून अनेक पालक मुलात चित्रकार शोधत बसतात. मूल चित्रकार नसले तर? इज्जत मिळण्यासाठी त्याने स्पर्धा जिंकलीच पाहिजे का?

करायचे ते साधे आहे. न सांगता वर्गात मोठ्याने वाचायला उभे करू नका. उतारा आदल्या दिवशी द्या. उत्तर तोंडी घ्या. अक्षर वाळूत गिरवत, ध्वनी म्हणत, सावकाश शिकवा. दुसरी लिपी थोडी थांबली तर काही बिघडत नाही. घरी रोज त्याला काहीतरी वाचून दाखवा. आणि आजपासून 'ढ' हा शब्द तोंडातून काढू नका. एवढे केल्यावर आत्मविश्वासाची व्याख्याने खुशाल ठेवा. कदाचित त्यांची गरजच उरणार नाही.