शेंडीचा पायथा कुठे गेला?

मनमाडहून येवल्याकडे निघालं की डोंगररांगेतून वर आलेला एक अंगठा दिसतो. गावची मंडळी त्याला हडबीची शेंडी म्हणतात, गिर्यारोहक ‘थम्स अप’. छायाचित्रकारांनी हे दुसरं नाव जरा जास्तच मनावर घेतलं आहे. लांब पल्ल्याची लेन्स, मावळतीचं केशरी आकाश आणि मधोमध काळाकुट्ट सुळका. चित्र देखणं होतं, नाही असं नाही. पण त्यात खडक कुठे आहे? आकाश सांभाळणाऱ्या एक्सपोजरने कातळावरच्या सगळ्या रेघा गिळलेल्या असतात. उरते ती बाह्यरेषा, आणि ती पुठ्ठा कातरूनही मिळाली असती.

अशा चित्राखाली ‘ज्वालामुखीची नळी’ असं बेधडक लिहिलं जातं. ते खरं की खोटं, याचा पुरावा टोकाला नसतो, पायथ्याशी असतो. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः लांबच लांब भेगांतून आला आणि थरावर थर पसरत गेला. या थरांना दिलेला ‘ट्रॅप’ हा शब्दच मुळी पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. नळीत थिजलेला खडक भोवतीचे आडवे थर छेदून उभा असायला हवा. उलट सुळक्यावरचे थर शेजारच्या डोंगरांतही त्याच पातळीवर जुळले, तर तो झिजून गेलेल्या पठाराचा उरलेला तुकडा ठरतो. पायथा छाटला, शेजारचे अनकाई-टनकाई हे डोंगर चौकटीबाहेर ठेवले, की हा प्रश्न विचारायची सोयच उरत नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला उभी चौकट शोभते, कारण तिथे बेसाल्टचे उभे खांब हाच विषय आहे. इथे विषय आडवा पसरलेला आहे.

यावर कुणी म्हणेल, आम्ही चित्र काढतो, भूशास्त्राचा तक्ता नव्हे. शिवाय वाइड लेन्स लावली की शेंडी काडीएवढी होते. दुसरी तक्रार रास्त आहे, पण तिला उपाय आहे: टेलिफोटोच ठेवावी आणि आडव्या चार-पाच फ्रेम जोडाव्यात. पहिलीचं उत्तर उजेडातच आहे: जो उजेड थर दाखवतो, तोच चित्रही घडवतो. तिरपा उजेड सर्वोत्तम, हे आपण पाठ केलेलं सूत्र. पण बाजूने येणारा खालचा प्रकाश उभ्या भेगा उठावदार करतो. आडव्या टप्प्यांखाली सावली पडायला सूर्य बराच वर हवा, म्हणजे आपण कॅमेरा बॅगेत टाकतो ती वेळ. भाद्रपदात तर टप्प्यांवर गवत आणि मधले कडे उघडे, असे हिरवे-काळे पट्टे आपोआप पडतात. ओल्या कातळाची चमक पोलरायझरने आवरता येते. आणि अनकाईखालून मालगाडी जात असेल तर तीही राहू द्यावी. कड्याच्या उंचीचा अंदाज वाघिणींवरूनच येतो.