ज्येष्ठांची पावली

वार्धक्यात शरीराला व्यायाम हवा हे सर्वमान्य असले, तरी एकट्याने केलेला व्यायाम बहुधा थोड्याच दिवसांत कंटाळवाणा होऊन सुटतो. म्हणूनच त्याला संगीताची जोड देण्याची तजवीज बेंगळूरच्या शिवाजीनगरसारख्या गजबजलेल्या वस्तीत व्हावी, असे मला कळकळीने वाटते. रसेल मार्केटभोवतीच्या वर्दळीत वृद्धांना वाहने नि हातगाड्या चुकवीतच पाऊल टाकावे लागते, आणि त्या वयात तोल जाणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळणे.

जिनीव्हा येथे पासष्टी ओलांडलेल्या, पडण्याचा धोका असलेल्या १३४ व्यक्तींवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पियानोच्या बदलत्या लयीबरोबर चाल बदलण्याचा आठवड्यातून एकच तास अभ्यास सहा महिने करणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण, तो न करणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आले. कान लयीकडे, भार पायांवर आणि भान दिशेचे, हे सारे एकाच वेळी सांभाळावे लागते, यातच त्याचे मर्म आहे. टाळमृदंगाच्या ठेक्यावर पुढेमागे सरणारी वारकऱ्यांची पावली याच जातीची नाही काय? मात्र ठेका विलंबित असावा, शेजारी आधाराची खुर्ची असावी, आणि हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्याची संमती घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सुधारणाऱ्या व्यायामाची शिफारस करते. महापालिकेने त्यासाठी शाळांची सभागृहे सायंकाळी विनामूल्य देण्याचा हुकूम काढावा, आणि कन्नड, तमिळ, उर्दू, मराठी अशी ज्याची त्याची गाणी तेथे वाजू द्यावीत.