गुरुजींची पेढी

व्यापारी माणसाला हिशेबाचे महत्त्व सांगणे म्हणजे नदीकाठी पाणी विकायला बसण्यासारखे आहे. तरीही सुज्ञ वाचकहो, आजचे हे टिपण एका हिशेबाविषयीच आहे. ज्या पेढीचा हा हिशेब, ती बाजारपेठेत सापडायची नाही. बीड जिल्ह्यातील कोणत्याही वाडीच्या टोकाला, लिंबाच्या झाडाखाली ती आढळते. तिच्या फलकावर 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' असे लिहिलेले असते. या पेढीचे मालक, मुनीम आणि हमाल हे तिघेही एकच गृहस्थ असून सारी वाडी त्यांना 'हेडगुरुजी' म्हणून ओळखते.

प्रथम या पदाचीच गंमत ऐका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला २ शिक्षक मिळतात. मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद हवे असेल, तर मुलांची संख्या १५० च्या वर असावी लागते. वाडीच्या शाळेचा पट जेमतेम चाळीस. त्यामुळे दोन शिक्षकांपैकी जो सेवेने ज्येष्ठ, त्याच्या गळ्यात मुख्याध्यापकपदाचा पदभार आपोआप पडतो. शिक्का आहे, खुर्ची आहे, सही आहे. पद तेवढे नाही! शिपाईही नसल्यामुळे कुलूप उघडणे आणि घंटा वाजवणे ही कामे हेडगुरुजींकडेच येतात. एखाद्या दिवशी घंटा उशिरा झाली, तर शिपायाला समज देण्याचा अधिकारही अर्थात त्यांचाच.

प्रार्थना आटोपली, हजेरी झाली, की तराजू बाहेर येतो. शालेय पोषण आहाराच्या प्रमाणानुसार प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५ ग्रॅम तेल मोजायचे असते. आज ३७ मुले हजर आहेत. म्हणजे तांदूळ ३ किलो ७०० ग्रॅम, डाळ ७४० ग्रॅम आणि तेल १८५ ग्रॅम. आरंभीची शिल्लक, आजचा खर्च, अखेरची शिल्लक, सारे काही नोंदवहीत बिनचूक उतरले पाहिजे. आपल्यापैकी ज्यांचे किराणा मालाचे दुकान आहे, त्यांना घट, तूट आणि सांडलवंड हे शब्द अनोळखी नाहीत. गुरुजींच्या गोदामात उंदीर आहेत. पण नोंदवहीत उंदरांसाठी रकाना नाही. त्यामुळे कागदोपत्री या शाळेतले उंदीर कडकडीत उपवास करतात.

खिचडी शिजली, की मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी तिची चव घ्यायची आणि अभिप्राय नोंदवायचा, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. अडचण आहे ती शब्दसंपत्तीची. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० कार्यदिवस ठरवून दिले आहेत. खिचडीची दोनशे वेळा स्तुती करायची म्हणजे मराठी विशेषणांची कसोटीच. 'उत्तम', 'रुचकर', 'चविष्ट', 'स्वादिष्ट' हे चार शब्द जून महिन्यातच संपतात. पुढे दिवाळीपर्यंत ते आळीपाळीने येत राहतात. ज्या दिवशी मीठ थोडे जास्त पडते, त्या दिवशी 'समाधानकारक'.

इतका काटेकोर हिशेब ठेवणारा हा गृहस्थ एका ठिकाणी मात्र दररोज चुकारपणा करतो. तिसरीतल्या ताईचा फ्रॉक धरून तिचा अडीच वर्षांचा भाऊ शाळेत येतो. आई खुरपणीला गेलेली, घराला कडी. दुसरीतल्या एका पोराच्या पाठोपाठ त्याची धाकटी बहीणही येते. दोघांचीही नावे हजेरीपटावर नाहीत. स्वयंपाक करणाऱ्या मावशी निमूटपणे आणखी दोन ताटल्या मांडतात आणि नेमक्या त्याच वेळी गुरुजींना फळ्यावरचे शुद्धलेखन तपासण्याची आठवण होते. ३७ जणांच्या पातेल्यातून ३९ ताटल्या भरतात आणि तरीही अखेरची शिल्लक जुळते. बाजारात अशा व्यवहाराला झुकते माप म्हणतात. ज्या दुकानात ते मिळते, तिथे गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे आपणांस निराळे सांगायला नको.

जेवणे आटोपून गुरुजी भागाकार शिकवू लागतात, तोच खिशातला मोबाइल थरथरतो. 'अतितातडीचे. सोबतच्या तक्त्यात माहिती दुपारी २ वाजेपर्यंत पाठवावी.' संदेश येतो तेव्हा पावणेदोन झालेले असतात. शाळेत झाडे किती, नळ किती, त्यांपैकी चालू किती, हात धुताना काढलेले छायाचित्र आहे काय? ही सारी माहिती मागच्या महिन्यातही पाठवलेली असते. या वेळी रकान्यांचा क्रम बदललेला असतो. शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक याखेरीज अन्य अशैक्षणिक काम देऊ नये, असे कायद्याचे २७ वे कलम सांगते. झाडे मोजणे बहुधा शैक्षणिक कामात मोडत असावे. चौथीतल्या हुशार मुलीला दुसरीच्या वर्गावर बसवून गुरुजी रेंजच्या शोधात पाण्याच्या टाकीवर चढतात. मुले खालून ओरडतात, "गुरुजी, भागाकारात बाकी एक उरली!" गुरुजी वरून उत्तर देतात, "राहू द्या, आलोच!"

व्यापाऱ्याला जसा ३१ मार्च, तसा हेडगुरुजींना ३० सप्टेंबर. त्या दिवशीच्या पटावर शाळेत किती शिक्षक राहणार हे ठरते. तोवर सारे ठीक असते, वर्ग भरलेले असतात. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि वाडीत मुकादमाचे ट्रक येऊन उभे राहतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. कोयत्यावर आगाऊ 'उचल' घेतलेली असते. ती फेडायची तर ऊसतोडीला जाणे भाग. मागे सांभाळायला कोणी नसेल, तर मुलेही त्याच ट्रकमध्ये चढतात.

या दिवसांत हेडगुरुजी संध्याकाळी घरोघरी फिरतात. ही त्यांची वसुली. मागणी एवढीच, की पोराला इथेच ठेवा.

"गुरुजी, मला आता दिसत न्हाई. पोराला भाकर कोन करून घालील?" आजी विचारते.

"आजी, दोन्ही वेळच्या जेवणाचं हंगामी वसतिगृहातून बघतो. तुम्ही फक्त रात्री त्याच्या उशाशी असा."

कधी आजी मान डोलावते आणि पटावरचे एक नाव वाचते. कधी घरात आजीच नसते. मग गुरुजी कपाटातून एक कार्ड काढतात, त्यावर मुलाचे नाव आणि इयत्ता लिहून शिक्का मारतात. याला 'शिक्षण हमी कार्ड' म्हणतात. मूल जिथे जाईल, तिथल्या शाळेने ते पाहून त्याला त्याच्या वर्गात बसवून घ्यावे, असा त्याचा अर्थ. आई ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवते आणि ट्रक निघतो.

वाचकहो, आपल्या आजोबा-पणजोबांना हा कागद पाहताक्षणी ओळखू आला असता. ही हुंडी आहे! एका गावच्या पेढीने लिहायची आणि शेकडो कोस दूर, कधीही न भेटलेल्या दुसऱ्या पेढीने ती सकारायची. सारा व्यवहार विश्वासावर. ज्या पेढीची हुंडी परत येते, तिची पत जाते. इथे मात्र हुंडी परत आली तर एका मुलाचे वर्ष जाते.

ही हुंडी बीडमध्ये लिहिली जाते आणि सकारायची असते बहुधा सांगली-कोल्हापूरकडे, जिथे आपल्यापैकी अनेकांची घरे, दुकाने आणि उसाची शेतीही आहे. यंदा आपल्या शिवारात ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या पडल्या आणि एखादे पोर फडाच्या बांधावर बसलेले दिसले, तर 'कितवीत आहेस रे?' एवढे अवश्य विचारावे. मग त्याच्या आईवडिलांशी बोलून त्याला जवळच्या शाळेत नेऊन सोडावे. वर्षाच्या मध्यातही त्याला प्रवेश नाकारता येत नाही आणि वयाचा दाखला नाही म्हणून परतही पाठवता येत नाही; कायदा तसे स्पष्ट सांगतो. या कामाला पावती लागत नाही आणि संगमरवरी पाटीही लागत नाही.

उन्हाळा लागतो, ट्रक परततात, पिशवीतले कार्ड पुन्हा शाळेत येते. त्यासोबत तिकडच्या शाळेच्या शिक्क्याचा कागद असेल, तर त्या दिवशी हेडगुरुजी चव नोंदवहीत 'उत्तम' असे लिहितात आणि खिचडीत मीठ घालायचे राहून गेले होते, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.