बुडालेल्या गावाचा पंचनामा

सेइजिरो कोयामा या जपानी दिग्दर्शकाच्या ‘फुरुसातो’ (म्हणजे जन्मगाव) या १९८३ सालच्या चित्रपटाविषयी रसिक मंडळींकडून एक ठरीव अभिप्राय आमच्या कानी येतो. चित्रपट सुंदर, पण फार संथ; डोंगर, ओढा, एक म्हातारा आणि एक पोर; घडत काहीच नाही. शिवाय गाव धरणाखाली जायचे आहे आणि एक मोर्चा नाही, एक खलनायक नाही, हे काय? या अभिप्रायाशी आमचा उभा दावा आहे.

गिफू प्रांतात इबी नदीच्या वरच्या खोऱ्यात तोकुयामा नावाचे डोंगरी गाव होते. तेथील धरणाची योजना १९५७ साली निघाली. १९८७ साली ते गाव शेजारच्या गावात विलीन होऊन सरकारी दप्तरातून गेले आणि धरण पुरे झाले २००८ साली. ४६६ कुटुंबे उठली. पाण्याचा साठा ६६ कोटी घनमीटर, जपानात सर्वांत मोठा. ज्या गावाने मरणाची वाट अर्धशतक पाहिली, त्याची कथा घाईघाईने सांगावी अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची?

चित्रपटातील म्हातारा देन्झो याची स्मृती गेलेली आहे. घरची माणसे त्याला ओळखू येत नाहीत; घरच्यांनाही तो जड झाला आहे. योशी कातो या नटाने ही भूमिका केली आणि त्याबद्दल त्यास १९८३ च्या मॉस्को महोत्सवात उत्कृष्ट अभिनयाचे पारितोषिक विभागून मिळाले. शेजारचा एक लहान मुलगा या म्हाताऱ्यास मासे धरण्याविषयी विचारू लागतो, आणि सून विसरलेल्या माणसाला ओढा आठवतो! आमागो हा लाल ठिपक्यांचा मासा कोणत्या डोहात असतो, पाऊल कसे टाकावे, सावली पाण्यावर पडू न देता काठावर कसे बसावे, हे सारे त्याचे हातपाय जाणतात. पुढे एका दूरच्या डोहाच्या वाटेवर म्हातारा कोसळतो आणि मुलगा मदतीसाठी धावत सुटतो.

हे दाखवावयास वेळ लागतो, लागलाच पाहिजे. म्हाताऱ्याची स्मृती त्याच्या डोक्यात राहिलेली नाही, ती त्या ओढ्यात राहिली आहे. आणि ओढा बुडणार आहे. याहून मोठा आरोप कोणत्या मोर्चाने केला असता? खलनायक दाखविला असता तर प्रेक्षक त्याला शिव्या देऊन मोकळा झाला असता. कोयामा यांनी ती सोय ठेविली नाही.

आमचा धंदा वकिलीचा. म्हणून ही गोष्ट आम्हांस अधिक बोचते. १८९४ चा भूसंपादन कायदा १२० वर्षांच्या आसपास या देशात चालला; २०१३ साली नवा कायदा होऊन तो रद्द झाला. त्या जुन्या कायद्याचे २४ वे कलम वाचकांनी एकदा अवश्य पाहावे. भरपाई ठरविताना न्यायालयाने काय विचारात घेऊ नये, याची यादी त्यात होती. आणि जमीन सोडण्याची मालकाची नाखुशी ही त्या यादीतच होती. जमिनीचा भाव मोजा, उभे पीक मोजा, झाडे मोजा. मन मोजू नका. कायद्याला याहून वेगळे करता आले असते की नाही, हा वाद निराळा. पण जे न्यायालयाने मोजावयाचे नाही, ते कोठेतरी सावकाश मोजले गेले पाहिजे.

त्याच तोकुयामातील ताझुको मासुयामा या बाईंनी १९७७ साली, साठीच्या वयात, साधा कॅमेरा हाती घेऊन गावाची छायाचित्रे काढावयास आरंभ केला. त्यांचे पती महायुद्धात इंफाळच्या मोहिमेत बेपत्ता झाले होते. ते परतलेच तर त्यांना गाव दाखविता यावे, ही बाईंची इच्छा.

आता थोडे घरचे. सांगे तालुक्यातील कुर्डी, गानतपस्विनी मोगूबाईंचे कुर्डी, साळावली धरणाच्या पोटात गेले. त्या धरणाचे पाणी दक्षिण गोव्यातील नळांना येते. ते पिऊन धरणाला शिव्या देण्याचा दांभिकपणा आम्ही करणार नाही. आमची तक्रार आहे ती आपल्या देवभक्तांविषयी. कुर्डीचे प्राचीन महादेव मंदिर दगड दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले. कार्य उत्तमच. पण ‘देव वाचला, म्हणजे गाव वाचले’ असे समाधान जे मानतात, त्यांनी मे महिन्यात जाऊन पाहावे. पाणी ओसरते, गाव वर येते, आणि उठविलेली माणसे सोमेश्वराच्या उत्सवाला त्याच भेगाळलेल्या भूमीवर जमतात. ख्रिस्ती बांधवही आपल्या कपेलचे फेस्त तेथेच करतात. हलविलेल्या देवळाची चिरेबंदी शाबूत आहे. तरीही ही माणसे चिखल तुडवीत तुळशीवृंदावनाचा चौथरा शोधतात आणि मुलांना सांगतात, येथे आपली ओसरी होती.

मंदिराच्या दगडांना, पुन्हा रचता यावे म्हणून, क्रम लावावाच लागतो. कुर्डीच्या झऱ्यांना, वाटांना, कोंडींना म्हातारी माणसे ज्या नावांनी हाक मारीत, त्यांचा क्रम कोणत्या देवस्थान समितीच्या दप्तरी आहे?