कोबी चिरा आणि थोडे थांबा

थंडी पडू लागली की मोशीच्या उपबाजारात आणि चाकणच्या बाजारपेठेत कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल यांचे ढीग लागतात. ही सारी मोहरीच्याच कुळातील भावंडे. क जीवनसत्त्व, फोलेट आणि तंतू त्यांत आहेतच. पण या कुळाचे वैशिष्ट्य निराळे आहे. यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्ये असतात आणि त्यांच्यापासून अलग ठेवलेले मायरोसिनेज हे विकर. भाजी चिरली की दोन्ही एकत्र येतात व आयसोथायोसायनेट तयार होतात. मुळ्याचा नाकात चढणारा झणका त्यांचाच. शरीरातील निर्विषीकरणाच्या विकरांना ही द्रव्ये चालना देतात, असे प्रयोगशाळेत दिसते. माणसांतील कर्करोगाविषयीचा पुरावा मात्र अद्याप निर्णायक नाही. कोबीने कर्करोग टळतो असे छातीठोक सांगणाऱ्यावर विसंबू नये.

हे विकर उष्णतेने निकामी होते. पहिल्या पाळीचा डबा भल्या पहाटे करावयाचा म्हणून आपण भाजी चिरतो ती थेट कढईत टाकतो. त्याऐवजी भाजी आधी चिरावी, मग कणीक मळावी, पोळ्या कराव्यात. तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात विकराचे काम बरेचसे उरकते. नंतर बेताची वाफ पुरे. पाण्यात उकळून ते पाणी ओतून देणे सर्वांत तोट्याचे. (मुळ्याचा पाला फेकून देणे त्याच्याच जोडीचे!)

शिजवलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घातल्यास मोहरीतील विकर हे काम पुन्हा सुरू करते, असे संशोधनात आढळले आहे. फोडणीतील मोहरी येथे उपयोगाची नाही, तापल्या तेलात तिचे विकर नष्ट होते. आपल्याकडे कोशिंबिरीत घालतात ती फेसलेली मोहरी मात्र कच्चीच असते.

थायरॉईडची गोळी चालू झाली म्हणून कोबी-फ्लॉवर कायमचे वर्ज्य केलेल्या कितीतरी भगिनी मला भेटतात. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात अपायकारक नाही. रोज पेलाभर कच्चा रस पिणे मात्र टाळावे. गोळी उपाशीपोटीच घ्यावी आणि भाजीच्या भरवशावर ती कधीही बंद करू नये.

खरी सावधगिरी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी बाळगावी. या भाज्यांतील के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते. भाजी सोडण्याचे कारण नाही. पण प्रमाण आठवड्यागणिक सारखे असावे, आणि ते एकाएकी बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून रक्ताची आयएनआर तपासणी करून घ्यावी.