उपवासाला चालतं!

आमच्या वसमतच्या माणसाला फसवणं सोपं नाही. हे मी गावाच्या अभिमानानं म्हणत नाही, अनुभवानं म्हणतो. मोंढ्यात हळदीचा ढीग पडला की आमचा माणूस नुसत्या रंगाला भुलत नाही. तो ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळाचं हळकुंड वर काढतो, मोडून बघतो, आतला गाभा उजेडाकडे धरतो आणि कडकन आवाज आला नाही तर "अजून ओल हाय" म्हणून पुढच्या ढिगाकडे चालू लागतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काही उगीच नव्हे.

तर हाच माणूस घटस्थापनेच्या आदल्या दिवशी किराणा दुकानात जातो आणि म्हणतो, "दोन किलो भगरीचं पीठ द्या." पीठ कधी दळलं, कुठं दळलं, पोत्याच्या तोंडाशी आहे की बुडाशी, एका अक्षरानं विचारत नाही. विचारलाच तर एकच प्रश्न: "उपवासाला चालतं ना?" दुकानदार म्हणतो, "चालतंय की!" संपली परीक्षा. हळकुंडाला जेवढी चौकशी, तिच्या चौथाईनंही आपण पोटात जाणाऱ्या पिठाची करत नाही.

माझं भांडण आहे ते या "चालतं"शी.

गेल्या नवरात्रातली गोष्ट. दुकानाचं नाव मी सांगणार नाही. एक तर दोष एकट्या दुकानाचा नाही, आणि दुसरं म्हणजे आमची उधारी तिथंच आहे. तिसऱ्या माळेला रात्री भगरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी झाली. थोड्याच वेळात आमच्या मावशींना चक्कर आली, मग सौभाग्यवतींना उलट्या सुरू झाल्या. "मला बघा, काही झालं नाही," असं सांगत मी पाण्याचा पेला उचलला, तर हात असा थरथरत होता की पेला तोंडाऐवजी कानाला लागला. घरात धडधाकट माणूस एकच, आमचे चिरंजीव. त्यांनी उपवास धरला नव्हता. ते बाहेर आम्लेट खाऊन आले होते. त्या नास्तिकानं आम्हा तिघा भाविकांना रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी धरायच्या आधी विचारलं, "भगर का? पीठ सुट्टं होतं का?" म्हणजे आमच्या आजाराची डॉक्टरांना सवय होती, आम्हालाच ती नव्हती.

आमचं हसण्यावारी गेलं. सगळ्यांचं तसं जात नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, सोमठाण्याला, सप्ताहातल्या एकादशीच्या प्रसादानं शेकडो माणसं आजारी पडली. दवाखान्यात जागा पुरेना, तेव्हा उघड्यावर झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. तो फोटो ज्यानं पाहिला, त्याला प्रसादाचं ताट पुढं आलं की ती दोरी आठवावी.

यात भगरीचा काही अपराध नाही. वरई बिचारी सालस धान्य आहे. पण तिला ओल लागली, ती दमट जागी पडून राहिली, की तिच्यावर बुरशी चढते आणि ती बुरशी विष तयार करते. पावसाळा सरता सरता हवा दमट असते, आणि नवरात्र नेमकं त्याच सुमारास येतं. त्यातून पीठ केलेलं असलं तर ते आणखी लवकर ओल धरतं. आणि असली विषं भाकरी भाजल्यानं जळून जातीलच असा भरवसा नाही. तवा म्हणजे काही शुद्धीकरणाचा होम नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, धर्माच्या गोष्टीत एवढी चिकित्सा कशाला? म्हणून सांगतो. मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा शेजारच्या टेबलावर एक बेने इस्रायली गृहस्थ होते. आडनाव कोकणातल्या गावाचं, शेवटी "कर". मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. एका वर्षी त्यांच्या वल्हांडण सणात मी घरी गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बेकरीतून पावशेर खारी घेतली. सण बेखमीर भाकरीचा! इजिप्तच्या गुलामीतून निघालेल्या पूर्वजांना पीठ फुगेपर्यंतही थांबता आलं नाही, त्याची आठवण म्हणून आठ दिवस घरात खमिराचा कण ठेवायचा नाही, आणि मी दारात बेकरीची पिशवी घेऊन उभा! त्यांच्या आई हसून म्हणाल्या, "बाळ, तेवढी पिशवी उंबऱ्याबाहेर राहू दे."

मग त्यांनी मला ती भाकर, म्हणजे मात्झा, कशी करायची ते सांगितलं. फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी. काटेकोर माणसं गव्हावर कापणीपासून नजर ठेवतात, त्याला पाण्याचा थेंब लागू देत नाहीत. पिठात पाणी पडल्यापासून भाकर भाजून होईपर्यंत १८ मिनिटं; त्यापुढं गेलं तर ती सणाला बाद. १८७४ साली पुण्यात हगादा नावाची त्यांची सणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यात आपल्यासारख्या लुगडी नेसलेल्या बाया मात्झा करतानाचं चित्र आहे. विकतचा डबा आणला तरी तो वल्हांडणासाठीच केलेला आहे, अशी त्यावर खूण लागते. सगळाच मात्झा सणाला घेता येत नाही.

मी आपला वसमतकर. विचारलं, "एखाद-दोन मिनिटं इकडं तिकडं झाली तर चालत नाही का?"

त्या म्हणाल्या, "चालतं म्हणून खायचं, तर वर्षभर आहेच की. सणाचं ते बघून खायचं."

मला तेव्हा हे फार कडक वाटलं होतं. दवाखान्याच्या खाटेवर ते पटलं. त्यांची भाकर काय, आमची भगर काय, दोघींची वैरीण एकच: ओल. फरक एवढाच की त्यांच्याकडे ओलीवर पहारा ठेवणं हाच धर्म आहे, आणि आमच्याकडे पहारा फक्त यादीवर. साबुदाणा चालतो, मोहरी चालत नाही, कोथिंबिरीवर मतभेद. कोथिंबिरीवरून आमच्या घरात जावाजावांत अबोला झाला आहे. भगरीला कुबट वास येतोय का, यावरून मात्र आजवर कुणी भांडलेलं नाही.

मावशी म्हणतात, "श्रद्धेनं खाल्लं की बाधत नाही." मावशी, तुमच्याइतकी श्रद्धा तालुक्यात कुणाची नव्हती, आणि पहिली चक्कर तुम्हालाच आली! दुकानदार म्हणतो, "आजवर कुणाची तक्रार नाही." कशी येईल? आपण दोष देतो तो पित्ताला, जागरणाला, नाहीतर शेजारणीच्या नजरेला. आणि सप्ताहाचे कार्यकर्ते म्हणतात, "दान आलेलं पोतं परत कसं करायचं?" दोनशे पानं उठवायची असली तर आधी पोत्यात नाक घाला. देवाला त्याचा राग येत नाही.

फार काही करायचं नाही. भगर अख्खी घ्यावी, सुट्टं पीठ घेऊ नये. पाकीट असलं तर त्यावर पॅक करणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक आणि तारीख आहे का ते चष्मा लावून बघावं. आणली की निवडावी, वास घ्यावा, कोरड्या डब्यात झाकून ठेवावी, लागेल तेवढीच घरी दळावी. गेल्या नवरात्रातली उरलेली भगर या नवरात्रात काढू नये. ती काटकसर सलाईनच्या बिलात फिटते.

परवा एकादशीच्या आदल्या दिवशी त्याच दुकानात गेलो. पाकिटावरची तारीख वाचायला पाच मिनिटं लावली. मागं रांग कुरकुरायला लागली. दुकानदार कंटाळून म्हणाला, "काका, घ्या हो, उपवासाला चालतंय!"

म्हटलं, "भगर चालते रे बाबा. ती खाल्ल्यावर मला चालता आलं पाहिजे!"