गिटार : वाजवायची की टांगायची?

आपल्या ख्रिस्ती घरांतून अलीकडे एक नवी मूर्तिपूजा शिरली आहे. शब्द कडक वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. पण दुसरा सापडत नाही. दिवाणखान्यात लग्नाच्या फोटोंच्या रांगेत खिळ्याला एक जुनी गिटार टांगलेली असते. तारा गंजून काळ्या पडलेल्या, एखादी तुटून लोंबणारी, खुंट्यांवर धूळ. पाहुण्यांपैकी एखाद्या तरुणाने हात पुढे केला की आतून आवाज येतो, “हात लावू नकोस हं बाळा, आजोबांची आहे. अँटिक आहे.” मुंबई-पुण्याची ही रीत भुसावळच्या रेल्वे वसाहतीतून निवृत्त झालेल्या कुटुंबांपर्यंत, जळगावच्या नव्या बंगल्यांपर्यंत आणि आता आमच्या पहूरसारख्या बाजारगावापर्यंत येऊन पोचली आहे. तिच्या मागे एक तत्त्वज्ञानही उभे राहिले आहे : वस्तू दुर्मिळ असेल तर ती वापरू नये, वापरली की झिजते, झिजली की किंमत उतरते.

या तत्त्वज्ञानाला माझा विरोध आहे. जुनी गिटार वाजवली जात नाही तेव्हा ती जपलीही जात नाही, निदान आमच्या खानदेशात तरी नाही.

आधी हे वाद्य काय आहे ते पाहू. गिटारचा प्राण म्हणजे तिची तबली. मिरजेचे सतारमेकर वापरतात तोच शब्द मी मुद्दाम घेतो. चांगल्या गिटारची तबली बहुधा स्प्रूसच्या लाकडाची असते आणि जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाड असते. तिच्यावर सहा पोलादी तारांचा मिळून सुमारे सत्तर ते पंचाहत्तर किलोचा ताण असतो. एखादा धट्टाकट्टा गडी त्या पातळ फळीला रात्रंदिवस लोंबकळतो आहे, अशी कल्पना करावी. फळी टिकते ती आतून सरसाने चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांच्या आधाराने. आणि लाकूड तर हवेतील ओल घेते आणि सोडते. लांबीत नव्हे, पण रुंदीत फुगते आणि आकसते. म्हणूनच गिटार बनवणारे कारखाने हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखतात आणि मालकानेही ती तशीच राखावी अशी अपेक्षा धरतात.

आता आमच्याकडची हवा आठवा. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारच्या हवेतली ओल अनेकदा वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. जूनच्या मध्यावर पाऊस पडतो आणि तीच हवा चार दिवसांत ओलीचिंब होते. केळीला या मातीत मानवते ते पाण्याच्या जोरावर. लाकडाला कोण पाणी देणार? उन्हाळ्यात तबली आकसते, पोटात खोलगट होते, घोडीच्या टोकापासून खालपर्यंत केसासारखी चीर जाते, फ्रेटची टोके कडेने बोटाला टोचू लागतात. पावसाळ्यात तीच तबली फुगते, तारा वर उचलल्या जातात, वाजवणाऱ्याची बोटे दुखतात. दोन-चार वर्षे असे चालले की आतल्या पट्ट्या सुटतात आणि घोडी उखडून हातात येते. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर टांगलेली, पत्र्याखालच्या माळ्यावर चढवलेली किंवा बंद जीपमध्ये विसरलेली गिटार याहूनही लवकर जाते. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीच्या आतली उष्णता साठ अंशांच्या आसपास जाऊ शकते आणि सरस त्या उष्णतेला मऊ पडतो.

हे सारे भिंतीवरच्या गिटारच्या बाबतीत कुणाच्या लक्षात येते? कुणाच्याही नाही, आणि माझा खरा मुद्दा हाच आहे. जो रोज अर्धा तास वाजवतो त्याला तार एका बाजूला घरघरली की कळते, सूर टिकत नाही हे कळते, फ्रेटचे टोक बोचले की त्याच संध्याकाळी कळते. वाजवणारा हा वाद्याचा एकमेव भरवशाचा पहारेकरी आहे. मालक वर्षातून एकदा नाताळच्या आधी फडक्याने धूळ झटकतो. चीर दिसते तेव्हा ती वीतभर झालेली असते. जुन्या लाकडाला वाजवल्याने ‘गळा फुटतो’ असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे असेलही; विज्ञानाने ते निर्विवादपणे सिद्ध केलेले नाही आणि माझे म्हणणे त्यावर उभेही नाही. माझे म्हणणे पहाऱ्याचे आहे.

विरोधकांचा पहिला युक्तिवाद पैशाचा असतो. मुंबईच्या एका हौशी संग्राहकाने मला तो तळमळीने ऐकवला. कर्ट कोबेन या अमेरिकन गायकाची १९५९ सालची मार्टिन गिटार जून २०२० मध्ये लिलावात साठ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. तेव्हा जुनी गिटार म्हणजे सोन्याची वीट, ती तिजोरीत हवी! हे गृहस्थ विसरतात की ती किंमत लाकडाची नव्हती. एका माणसाने ती गिटार साऱ्या जगासमोर बसून वाजवली, त्याची ती किंमत होती. कारखान्यातून निघाल्यापासून ती पेटीतच राहिली असती, तर तिला त्या किमतीचा अंशही मिळाला नसता. विली नेल्सन या दुसऱ्या गायकाकडे मार्टिनचीच, १९६९ सालच्या सुमाराची, नायलॉनच्या तारांची गिटार आहे. वाजवून वाजवून तिच्या तबलीला आरपार भोक पडले आहे. त्याने ती टांगली नाही. वरचेवर दुरुस्त करून घेत तिच्यावरच आयुष्यभर गायला. आपल्याकडचा संग्राहक ते भोक पाहून डोळे पुसेल!

दुसरा युक्तिवाद अधिक प्रामाणिक आहे : वापरायला दिले की अपघात होतात. होतात. ‘द हेटफुल एट’ या २०१५ च्या चित्रपटासाठी मार्टिन कंपनीच्या संग्रहालयाने १८७० च्या दशकातील एक गिटार उसनी दिली होती. प्रसंगात ती फोडायची होती. फोडण्याआधी तिच्या जागी नक्कल ठेवायची राहिली आणि नटाने अस्सल गिटारच खांबावर आपटली. संग्रहालयाने त्यानंतर चित्रपटांना वाद्ये देणे बंद केले. या गोष्टीचा दाखला ‘पाहा, दिल्याचे फळ!’ असा देतात. मी तिचा अर्थ निराळा लावतो. ती गिटार वाजवायला दिली नव्हती, देखाव्यासाठी दिली होती. वादकाच्या हातात ती असती तर त्याने ती खांबाजवळही नेली नसती. उलट उदाहरणे हवीत का? पागानीनीचे १७४३ सालचे व्हायोलिन त्याने जेनोवा शहराला ठेवले. तेथील नगरपालिका त्याला कडेकोट सांभाळते आणि तरीही ठरावीक काळाने बाहेर काढून वाजवायला देते. स्त्रादिव्हारीची १६७९ सालची एक गिटार आजही वाजते. साडेतीनशे वर्षांच्या जवळ आलेल्या वाद्याला जे सोसते, ते तुमच्या आजोबांच्या गिटारला सोसणार नाही?

कुणी म्हणेल, तुमच्या पहूरहून तासाभरावर अजिंठा आहे. तेथे माणसांच्या श्वासाची वाफही चित्रांना नको म्हणून निर्बंध घातलेत, मग गिटारलाच वेगळा न्याय का? म्हणून की चित्र पाहिले की त्याचे काम पुरे होते. गिटार पाहून तिचे कोणतेच काम होत नाही. हवे तर आमच्या पाचोरा-जामनेर छोट्या गाडीचे पाहा. पहूरवरून जाणारी ही ‘पी. जे.’ २०२० साली थांबली. ती धावत होती तेव्हा तिच्या संथपणाची सगळे चेष्टा करीत. आता जुने फोटो काढून हळहळतात. हळहळीने गाडी चालत नाही.

यातच लाकडाच्या सोवळ्याची एक वेडगळ बाब आहे. ब्राझीलच्या शिसवाच्या पाठीची गिटार म्हणजे ब्राह्मणी, बाकी सगळ्या खालच्या जातीच्या, असे संग्राहकांचे वर्णाश्रम आहेत. तो वृक्ष तोडून तोडून संपत आला. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे. मार्टिन कंपनीने त्याआधीच, १९६९ मध्ये, आपल्या भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला होता. ज्या झाडाचे पलंग आणि देव्हारे आपल्या शेजाऱ्यांच्या घरोघरी आहेत, तेच लाकूड जगातल्या नामांकित गिटारच्या पाठीला लागले. कानाला फरक किती? इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी, केवळ पाठ आणि बाजूंचे लाकूड वेगवेगळे असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना काळा चष्मा लावून वाजवायला दिल्या. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : महाग आणि स्वस्त लाकूड वादकांना आवाजावरून ओळखता आले नाही. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने तर १८६२ मध्येच पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या केल्या आणि सर्व काही तबलीत आहे हे दाखवून दिले. तेव्हा घरातली गिटार कलकत्त्याच्या गिब्सनची असो की अमेरिकेच्या गिब्सनची (आमचे कलकत्तेकर नावात ‘ब’ च्या जागी ‘व’ लिहितात एवढेच), तबली शाबूत असेल तर ती आपल्या मुलामुलींच्या कामाची आहे.

आणि आपल्या मुलामुलींचे काय चालले आहे? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा मान राखून, उपासनेला साजेशा इतर वाद्यांनाही दार उघडले. मग मातृभाषेतील मिस्सा आली, तिच्याबरोबर ढोलकी आली, गिटार आली. ज्या मिशन केंद्रांना ऑर्गन स्वप्नातही परवडला नसता, तेथे एका गिटारने साऱ्या गायनवृंदाला सूर दिला. आज तिच्या जागी विजेचा की-बोर्ड आहे. बटण दाबले की ठेका आपोआप सुरू होतो, गाणारे मागे राहिले तरी तो थांबत नाही, आणि वीज गेली की ‘पवित्र, पवित्र’च्या मध्यावर सगळे एकमेकांकडे पाहतात. की-बोर्डशी माझे वैर नाही. पण एका धर्मग्रामात (नाव सांगत नाही) बोर्डिंगमधील पाच मुले एका मोडक्या गिटारवर पाळीपाळीने शिकत होती आणि त्याच रविवारी मिस्सेनंतर मी ज्या तीन घरी चहा घेतला, त्यांतील दोन घरांत भिंतीवर गिटार होती. पाहुणचार उत्तम झाला. चहा मात्र मला कडू लागला.

जमिनीत रुपया पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टान्त आपल्या सर्वांना पाठ आहे. पण त्या दासाच्या बाजूने एक गोष्ट बोलता येते : त्याने धन्याला रुपया जसाच्या तसा परत तरी दिला. चांदी मातीत सडत नाही. लाकूड कपाटात सडते, वाळते, फाटते. गिटार पुरून ठेवणाऱ्याला तेवढाही बचाव नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक धर्मग्रामाच्या युवक मंडळाने कोणत्या घरात कोणते वाद्य पडून आहे याची नोंद करावी आणि मालकाला विनंती करावी, की वर्षभरासाठी ते शिकणाऱ्याच्या हाती द्या. मालकी तुमचीच, साधी चिठ्ठी लिहून घ्या. ज्यांना देववत नाही त्यांनी स्वतः वाजवावी, नातवाला वाजवू द्यावी. तिसरा मार्ग, म्हणजे टांगणे, सोडून द्यावा.

हाती घेणाऱ्यानेही काही गोष्टी पाळाव्यात. जुनी गिटार गावच्या सुताराकडे चकाकीसाठी देऊ नये. तो मायेने सगळे मूळ पॉलिश घासून काढील आणि वर मेलामाइनचा जाड थर चढवील. आवाजही दबेल आणि किंमतही. सुटलेली पट्टी पांढऱ्या गोंदाने चिकटवू नये. सरसाचा सांधा उष्णतेने आणि वाफेने पुन्हा सोडवता येतो, म्हणून पुढच्या कारागिराला वाट राहते. त्या गोंदाने ती बंद होते. नायलॉनच्या तारांसाठी घडवलेल्या गिटारला पोलादी तारा तर मुळीच चढवू नयेत. नायलॉनचा एकूण ताण चाळीस किलोच्या आसपास, पोलादाचा जवळपास दुप्पट. आपल्या चर्चमधून जितक्या घोड्या उखडल्या असतील, त्यांतल्या बऱ्याच या एका कारणाने उखडल्या असाव्यात. उन्हाळ्यात गिटार पेटीत ठेवावी आणि पेटीत साबणाच्या डबीला भोके पाडून त्यात पिळून काढलेला ओला स्पंज ठेवावा, पाणी थेंबभरही गळता कामा नये. वाळ्याचा कूलर चालतो त्या खोलीत ती सुखात राहते, मात्र थेट झोतासमोर नको. वातानुकूलित खोली हवा आणखी कोरडी करते. आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र आता महाग राहिलेले नाही, ते पेटीतच असू द्यावे. आणि ही सारी तयारी फेब्रुवारीत करावी. आमच्याकडे होळी झाली की हवा एका आठवड्यात वाळते आणि पहिली चीर बहुधा तेव्हाच जाते.